डावीकडे पाव इंच

शालिग्राम नानांना पोटावरची गाठ सापडली ती एका मंगळवारी, आंघोळ करताना, करदोड्याखाली साबण लावता लावता. दुसरा कोणी असता तर त्याने बायकोला हाक मारली असती, नाहीतर घाबरून तिथंच पाटावर बसला असता. नानांनी अंग पुसलं, खोलीचं दार आतून लावलं आणि कपाटातला टेप काढला. छत्तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढलेला माणूस. पारोळा आणि एरंडोल तालुक्यातल्या कितीतरी भावाभावांची डोकी नानांच्या मोजणीमुळे फुटायची राहिली होती, आणि काहींची मोजणीमुळेच फुटली होती, पण तो विषय वेगळा. सांगायचं इतकंच, की समोर काही उगवलं की ते आधी मोजायचं आणि मग त्याच्याविषयी मत बनवायचं, ही सवय निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी सुटली नव्हती.

गाठ पाऊण इंच भरली. नानांनी एक कोरी डायरी काढली आणि पहिल्या पानावर रीतसर नोंद केली. चतुःसीमा: उत्तरेस बरगड्या, दक्षिणेस पायजम्याची नाडी, पश्चिमेस बेंबी, पूर्वेस कुशी. वहिवाट: अज्ञात. शेरा: दुखत नाही. खाली तारीख टाकली, सही केली, आणि डायरी कपाटात टेपच्या खाली लपवली.

लपवायला कारण होतं. नानांचे थोरले भाऊ पंडितदादा पोटातल्या गाठीने गेले. दिवाळीच्या आसपास गाठ निघाली आणि होळीला दादा नव्हते. वय बहात्तर. नानांचंही बहात्तरावंच चालू होतं. दादा गेल्यापासून त्या घरात गाठ हा शब्द कोणी उच्चारत नसे. सुंदरबाई, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, दोऱ्याला गाठ पडली तरी 'गुंता झाला' म्हणत. तेव्हा नानांनी ठरवलं की हे प्रकरण आपलं आपण हाताळायचं, आणि निकाल लागेपर्यंत घरात काही बोलायचं नाही.

आता इथं नानांच्या हातून जी चूक झाली ती नोकरीत एखाद्या नवशिक्याने केली असती तर नानांनी त्याला तालुकाभर हिंडवला असता. जमीन मोजायची तर एकाच खुणेपासून, एकाच पद्धतीने मोजायची, हे ते इतरांना शिकवत. स्वतःचं पोट मात्र त्यांनी वेळ मिळेल तसं मोजलं. एकदा सकाळी आंघोळीनंतर मोजलं. एकदा जुने स्नेही तोतारामआबा यांच्या शेतावर भरीत, कळण्याची भाकरी आणि वर वाडगाभर ताक असं सगळं रिचवून आल्यावर मोजलं. एकदा गॅसची टाकी उचलून ठेवल्यावर धापा टाकत मोजलं. आकडे साहजिकच चढत गेले. अंथरुणात आडवं पडलं की गाठ सापडतच नसे, पण त्या दिवशी नाना 'मोजणीस हवामान योग्य नाही' असा शेरा मारून पान उलटत. एकोणिसाव्या दिवशी गाठ दोन इंच भरली. नानांनी चौकटीच्या कागदावर आलेख काढला, पट्टी लावून रेघ पुढे ओढली, आणि त्यांना दिसलं की अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, गाठीचा नारळ होणार. रेघ आणखी पुढे नेली असती तर दिवाळीपर्यंत ती सावद्याच्या केळीच्या घडाएवढी झाली असती, पण नानांनी पट्टी बाजूला ठेवली. दिवाळीपर्यंत आपण असू असं त्यांना वाटत नव्हतं.

प्रकरण फुटलं ते हद्दीच्या खुणेमुळे. रोज नवी रेघ नको म्हणून नानांनी गाठीभोवती काळ्या मार्करने गोल आखला होता आणि तो बनियनला लागला. सुंदरबाईंनी एक बनियन धुतलं, दुसरं धुतलं, तिसऱ्यावर पुन्हा तोच काळा गोल बघितला तेव्हा त्या साबण तिथंच टाकून उठल्या. मग त्या नानांकडे न येता शेजारच्या झुलालभाऊंकडे गेल्या. झुलालभाऊ एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं गर्दीत उभं राहिल्यामुळे माणसाच्या शरीराचं आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त समजतं, असं त्यांचं मत होतं, आणि त्यांच्या पोटात कुठलीही गोष्ट एका थांब्यापलीकडे टिकत नसे. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुसऱ्या दिवशी बाजारपेठेला.

मग घरी लोक यायला लागले. तोतारामआबांनी एरंडाची पानं आणली आणि गरम करून बांधायला सांगितलं. सावद्याहून नानांच्या बहिणीचा फोन आला की केळफुलाची भाजी एकवीस दिवस खा, इकडं एकाची अशीच विरघळली. जळगावहून भाच्याने कळवलं की काही खाऊ नका, मी येतो, आणि तो आला नाही. येणारा प्रत्येकजण आधी 'दाखवा बरं' म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सातबाऱ्यात डोकावलेल्या माणसाला आता दिवसातून दहा वेळा सदरा वर करून उभं राहावं लागत होतं. हे फार अपमानास्पद आहे असं नाना मनात म्हणत, आणि तरी उभं राहत, कारण न जाणो, एखाद्याला खरंच काही माहीत असायचं.

या सगळ्या गर्दीत कय्युमभाई टेलर तेवढे काही बोलत नसत. त्यांचं दुकान नानांच्या घरासमोर, तीस वर्षांपासून. ते संध्याकाळी येऊन खुर्चीच्या कडेवर बसत, चहा पीत, आणि गाठीचा विषय निघाला की खाली बघत. नानांना वाटलं, याला आपली काळजी नाही. ते त्यांच्या मनाला लागलं आणि त्यांनी ते मनातच ठेवलं.

झुलालभाऊंचं निदान तिसऱ्या दिवशी पक्कं झालं. "नाना, हाई गाठ-बिठ काही नही शे. बेंबी सरकेल शे." यावर उपाय म्हणजे तांब्या लावणे. उपाशीपोटी उताणं झोपायचं, बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून ठेवायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो, तांब्या पोटाला धरतो, सरकलेली बेंबी जागेवर येते. झुलालभाऊंनी हे आजवर अनेकांना केलं होतं, पण घरच्या छोट्या तांब्याने. नानांचं प्रकरण मोठं म्हणून त्यांनी लग्नात मिळालेला पितळी तांब्या आणला, दीड लिटरचा.

तांब्या धरला. इतका धरला की पाच मिनिटांनी सोडवायला गेले तर तो सुटेना. झुलालभाऊंनी ओढला तेव्हा तांब्याबरोबर नानाही उठून बसले. तोतारामआबांनी गार पाण्याचा फडका ठेवायला सांगितलं, कोणी गरम पाण्याचा. कोणी म्हणालं की तेल सोडा, तर तेल तांब्याच्या बाहेरून वाहून गादीत गेलं. नाना छताकडे बघत पडून राहिले. पोटावर पितळी तांब्या घेऊन आपण गेलो तर पंचनाम्यात काय लिहितील, असा विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला. शेवटी कय्युमभाई दुकानातून उठून आले, कुणाला काही न विचारता तांब्याच्या कडेखाली बोट घालून पोटाची कातडी एका बाजूने दाबली, आणि फस्सदिशी हवा शिरून तांब्या सुटला. त्या जागी भाकरीएवढा तांबडा गोल उठला होता आणि नानांची मार्करची हद्द त्याच्यात बुडून गेली होती. नाना त्या दिवशी डायरीत एवढंच लिहू शकले की अतिक्रमण झाले आहे.

त्यानंतर मात्र सुंदरबाईंनी कुणाचं ऐकलं नाही आणि नानांना गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी टेबलावर झोपायला सांगितलं, पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि म्हणाले की नाना, इथं तर काही नाही. नानांनी मान उचलून बघितलं. खरंच काही नव्हतं. इतके दिवस जी गाठ तोतारामआबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दर्शन देत होती, ती ऐन मोजणीच्या दिवशी गैरहजर होती. नानांनी डायरी पुढे केली. डॉक्टरांनी चतुःसीमा वाचली, आलेख बघितला, नानांकडे बघितलं, आणि गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. सुंदरबाईंना बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की निवृत्तीनंतर नाना दिवसभर काय करतात, आणि ते नानांनी ऐकलं.

नानांनी डॉक्टरांकडे लेखी मागितलं की पाहणीच्या वेळी गाठ जागेवर मिळून आली नाही. डॉक्टरांनी हसून विषय टाळला. नाना टेबलावरून उतरले, पायजमा बांधला, रस्त्यावर आले, आणि बसस्टँडच्या कोपऱ्यावर खोकला आला तशी गाठ जागेवर हजर झाली. त्यांनी तिथल्या तिथं मागे फिरून डॉक्टरांना बोलावलं असतं, पण दवाखान्याचं दार बंद झालं होतं. चार दिवसांत गावात असं झालं की नानांना गाठ नाही, करमत नाही. लोक दाखवा म्हणायचे थांबले. नानांना आधी दाखवण्याचा जेवढा राग येत होता त्याच्या दुप्पट राग आता कोणी बघत नाही याचा यायला लागला.

रात्रीच्या जेवणात नाना दोन घास कमी खायला लागले ते मात्र फक्त सुंदरबाईंच्या लक्षात आलं. त्या एका सकाळी म्हणाल्या, "तुमले काय वाटस, माले समजस नही का?" आणि पुढे काही न बोलता कय्युमभाईंच्या दुकानात गेल्या. कय्युमभाई दर गुरुवारी अस्तर आणि बटणं आणायला धुळ्याला जात. बाईंनी त्यांना सांगितलं की या गुरुवारी आम्ही दोघं तुमच्याबरोबर येतो, तिथल्या धर्मादाय दवाखान्यात दाखवू. कय्युमभाईंनी मान डोलावली आणि बराच वेळ कात्री नुसतीच हातात धरून ठेवली.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात पहिली अडचण अंगठ्याची आली. योजनेच्या कार्डासाठी मशीनवर अंगठा ठेवायचा होता. नानांनी ठेवला. मशीनने ओळखलं नाही. नानांनी पुसून ठेवला, दुसरा ठेवला, तर्जनी ठेवली. खिडकीतला मुलगा कंटाळून म्हणाला की आजोबा, तुमचे ठसे झिजलेत. ज्या माणसाने छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे घेतले त्याला स्वतःचा अंगठा उरला नव्हता. मग डोळ्यांचं यंत्र आणलं, तर नानांना मोतीबिंदू. शेवटी एका मावशींनी नानांचा अंगठा खसाखसा घासला, फुंकर मारली आणि असा दाबला की मशीनने घाबरून नाव सांगितलं. नानांनी त्या मावशींना हात जोडले. दिवसभरात त्यांनी पुढे बऱ्याच जणांना हात जोडले, पण सुरुवात तिथून झाली.

केसपेपरवर तक्रार काय लिहायची यावर पुन्हा घोळ झाला. नाना गाठ शब्द उच्चारायला तयार नव्हते. त्यांनी 'पोटावरील उंचवटा' सांगितलं. खिडकीने त्यांना सात नंबरला पाठवलं, तिथं कातडीचे डॉक्टर बसत. त्यांनी तांब्याचा गोल बघून मलम लिहून दिलं आणि फारच आस्थेने विचारलं की हे कशाने झालं. नाना म्हणाले, शेजाऱ्यांनी. सातवरून पुन्हा तीनला, तीनवरून अकराला, असं करत दुपारी एकच्या सुमारास ते डॉक्टर मेघा नावाच्या तरुण सर्जन बाईंसमोर पोचले. त्यांच्या भोवती चार शिकाऊ पोरं वह्या घेऊन उभी होती.

नाना टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. गाठ गेली. बाईंनी पोट चाचपलं, काही सापडलं नाही, आणि नाना गॅसच्या गोळ्यांची वाट बघू लागले. पण बाई म्हणाल्या, "आजोबा, उभे राहा. आता माझ्याकडे न बघता जोरात खोका."

नाना उभे राहिले. पायजमा एका हाताने धरून, सदरा दातात धरून, पाच अनोळखी माणसांसमोर ते खोकले. एकदा, दोनदा. आणि गाठ आली. चांगली ठसठशीत, आपल्या चतुःसीमेत, जराही इकडं तिकडं न होता. नानांच्या डोळ्यात पाणी आलं. आपल्याला गाठ आहे म्हणून आनंदाने रडणारा रुग्ण त्या पोरांनी पहिल्यांदाच बघितला असावा. बाईंनी त्यांना पुन्हा झोपवून नुसती मान उचलायला लावली, गाठीवर बोटं ठेवून परत खोकायला लावलं, आणि मग एकेका पोराला हात लावायला सांगितला. नाना प्रत्येकासाठी मनापासून खोकले. कुणी त्यांना वेडा म्हणत नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. पोटाच्या भिंतीत स्नायूंना एका ठिकाणी फट पडली आहे. उभं राहिलं, जोर केला, की आतली चरबी त्यातून बाहेर येते, आडवं झालं की आत जाते. हर्निया म्हणतात. तांब्याचं ऐकून मात्र त्या चांगल्याच चिडल्या. आतडं त्या फटीत ओढलं जाऊन अडकलं असतं तर त्याच दिवशी जिवावर बेतलं असतं, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, उलट्या होतात का, शौचाला कुंथावं लागतं का, लघवीला जोर करावा लागतो का, खोकला किती दिवसांचा. नानांनी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं की ही सूज कधीपासून आहे.

या प्रश्नाची नाना महिनाभर वाट बघत होते. त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि आलेख उघडून पुढे केला. एकोणीस दिवसांत पाऊण इंचावरून दोन इंच. तेव्हापासूनचे पुढचे आकडे वेगळे.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आलेख दोनदा बघितला. त्या म्हणाल्या की या वयात पोटाची भिंत अशी अचानक फाटत नाही. महिन्याभरात एवढी वाढली असेल तर आतून काहीतरी जोर करत असेल. पोटात पाणी असेल, किंवा आत दुसरं काही वाढत असेल. ते बघावं लागेल. भरती व्हा, मोठे फोटो काढू, सगळं नीट तपासू. त्यांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं, पण आत दुसरं काही वाढत असेल हे शब्द खोलीत तसेच राहिले.

सुंदरबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि इतक्या वर्षांत प्रथमच तो विषय काढला. "पंडितदादालेबी आसंच सांगेल व्हतं."

नाना स्टुलाजवळ सरकले. त्यांनी सुंदरबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत बायकोच्या खांद्यावर हात ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

तेवढ्यात दारात कय्युमभाई उभे राहिले. ते बाहेर नानांच्या चपला आणि डब्याची पिशवी सांभाळत बसले होते, आणि दार उघडंच होतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मॅडम, माफ करा. ही गाठ महिन्याची नाही. आठ वर्षांची आहे."

सगळे त्यांच्याकडे वळले. बाईंनी विचारलं की तुम्ही कोण, त्यांचे नातेवाईक का? कय्युमभाई म्हणाले, "मी त्यांचा टेलर."

ते आत आले तरी नानांकडे बघत नव्हते. तीस वर्षांपासून नानांच्या पँटी मीच शिवतो, त्यांनी सांगितलं. माप घेताना टेप पोटावर टेकतो, टेपला सगळं कळतं. आठ वर्षांपूर्वी डावीकडे टेप उचलला जातोय असं जाणवलं, तेव्हापासून त्या बाजूला कापड जास्त सोडतो. माझ्या मापाच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, ती वही आत्ता बघता येईल का?

वही पारोळ्याला दुकानात होती आणि उर्दूत होती. कय्युमभाईंनी हसीनाबीला, म्हणजे बायकोला, फोन लावला. फोनचा आवाज मोठा करायला सांगितला गेला. हसीनाबीने दुकानात जाऊन वही काढली, पानं उलटली, आणि अगदी शाळेत धडा म्हणावा तशी मोठ्याने मराठीत सांगायला लागली, कारण धुळ्यात कोण ऐकतंय याची तिला कल्पना नव्हती.

"हं, नाना. पुतणीच्या लग्नाची राखाडी पँट. कंबर, तोंडी छत्तीस, कापायला अडतीस. डावीकडे पाव इंच ढील. नानांना सांगायचं नाही."

शिकाऊ पोरांपैकी एकाने वही तोंडासमोर धरली. नानांचा चेहरा काळवंडला. निवृत्तीच्या दिवशी माझी कंबर छत्तीस होती आणि आजही छत्तीस आहे, हे नाना गेली चौदा वर्षं गावभर सांगत आले होते. कय्युमभाई दर मापाला खणखणीत आवाजात छत्तीस म्हणत आणि नाना आरशात बघून मान डोलवत.

हसीनाबी पुढे सरकली. दोन वर्षांनंतरची खाकी, डावीकडे पाव. लॉकडाऊन उठल्यावरची काळी, डावीकडे अर्धा. नातवाच्या जावळाची, डावीकडे अर्धा. मागच्या दिवाळीची, डावीकडे पाऊण. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'नानांना सांगायचं नाही' हे होतंच, आणि हसीनाबीने ते एकदाही गाळलं नाही.

डॉक्टर बाईंनी कागदावर पाचही आकडे मांडले. त्यांनी कय्युमभाईंना विचारलं की माप उभं करूनच घेता ना? कय्युमभाई म्हणाले, उभं करून, सकाळी, जेवणाआधी, आणि टेप एकच, वडिलांच्या वेळचा. मग बाईंनी नानांची डायरी परत घेतली आणि विचारलं की ही मापं कधी कधी घेतली. नाना आधी मोघम बोलले, मग भरताचं बोलले, मग गॅसच्या टाकीचं कबूल केलं. बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"आजोबा, आठ वर्षांत अर्धा इंच वाढली आहे. हे जुनं दुखणं आहे. तुमच्या टेलरने जे सांगितलं ते सांगणारा नातेवाईक मला वर्षात एखादाही भेटत नाही."

तरी सोनोग्राफी त्याच दिवशी झाली, कारण बाईंना कुठलीच शंका ठेवायची नव्हती. त्यासाठी नानांना बाटलीभर पाणी प्यायला लावून दीड तास बाकावर बसवलं, आणि त्या दीड तासात नानांनी जो संयम दाखवला त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होणार नाही. मशीनवाल्यांनी झोपवताच नाना ओरडले की आडवं केलं की पळते, आधी उभं राहून बघा. मग झोपवून बघितलं, उभं करूनही बघितलं. फट दिसली, फटीतली चरबी दिसली. आत पाणी नव्हतं, दुसरं काही वाढत नव्हतं. यकृत, मूत्रपिंड, सगळं वयाच्या मानाने चांगलं होतं. सुंदरबाईंनी तो अहवाल मशीनवाल्यांकडून तीनदा वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर भिंतीकडे तोंड करून रडल्या. नाना तिथं नव्हते, ते पाणी सोडायला गेले होते.

परतीच्या एसटीत नाना खिडकीशी बसले आणि वाटेतलं फागणे गाव येईपर्यंत कय्युमभाईंशी एक अक्षर बोलले नाहीत. अडतीस हा आकडा त्यांच्या कानात वाजत होता. शेवटी त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "आठ वर्षं माहीत होतं. मला का नाही सांगितलं?"

कय्युमभाईंनी बटणांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, अन् तुम्हाला लपवायचं आहे. अब्बा सांगायचे, टेलरला माणसाचं सगळं दिसतं, म्हणून त्याने बोलायचं नसतं. कपडा झाकायला असतो नाना. मग ती गाठ-गाठ सुरू झाली तेव्हा बोलायला पाहिजे होतं. पण आठ वर्षं गप्प राहिलो हे कसं सांगायचं, तेच समजेना. रोज येऊन बसायचो, अन् तोंड उघडायचं नाही."

नानांनी डब्याची पिशवी ओढून घेतली. त्यांनी डब्यातली उरलेली दशमी काढली, अर्धी मोडली आणि कय्युमभाईंच्या हातावर ठेवली. पारोळ्याचा किल्ला दिसेपर्यंत दोघं जेवत होते.

पंधरा दिवसांनी ऑपरेशन झालं. फटीवर जाळी बसवली, चौथ्या दिवशी नाना घरी आले. झुलालभाऊंनी स्वतःच्या हाताने खिचडी करून आणली आणि पायाशी बसून माफी मागितली. नाना म्हणाले, तुझा तांब्या लागला म्हणून तर ही मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हे खरं होतं, पण सुंदरबाईंनी तांब्या पुन्हा त्या घरात आणायचा नाही असं झुलालभाऊंकडून कबूल करून घेतलं. तोतारामआबांनी भरताची वांगी पाठवली, सावद्याच्या बहिणीने केळी. गल्लीतले डॉक्टरही येऊन गेले आणि स्वतःहून म्हणाले की उभं करून बघायला पाहिजे होतं, चुकलं माझं. नानांनी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पडल्या पडल्या नानांना कळत होतं की या सगळ्यांनी आपल्याला भंडावून सोडलं ते आपण राहावं म्हणूनच. हे त्यांनी सुंदरबाईंना बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, माले बठ्ठं माहीत शे, औषध घ्या.

अखाजीच्या आधी, टाके पूर्ण भरल्यावर, नाना कापड घेऊन समोरच्या दुकानात गेले. चार पँटींचं कापड होतं. कय्युमभाईंनी ते हाताने चाचपून बघितलं आणि चार कशाला म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "बहात्तर संपतंय. पुढं लागतील. पक्की शिलाई कर."

कय्युमभाईंनी टेप घेतला. पोटावरून फिरवला, डावीकडे थांबले, पुन्हा फिरवला, आणि हसले. डावीकडे आता काही नव्हतं. सवयीने त्यांनी तोंड उघडलं, छत्तीस म्हणणार इतक्यात नानांनी हात वर केला.

"कय्युम, तू बोलला नसतास तर मी त्या आलेखानेच मेलो असतो. तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण इथून पुढं जे दिसेल ते सांगायचं. लाजायचं नाही."

"नक्की?"

"नक्की."

कय्युमभाईंनी टेप गळ्यात टाकला, दोन पावलं मागे सरकून नानांना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि जरा घुटमळून म्हणाले, "कंबर अडतीस. अन् नाना, उजवा खांदा तीन वर्षांपासून अर्धा इंच खाली आहे."

नाना आरशासमोर गेले. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, खांदा उचलून बघितला. मग ते स्टुलावर बसले आणि हसीनाबीला हाक मारून म्हणाले की चहा ठेवा, आज मला पूर्ण वही ऐकायची आहे.